पाच झाडांना दम, पाच झाडांशी अबोला

सौ. तुळशीबाई हिला तापीकाठाहून थोरली बहीण वत्सला हिचा आशीर्वाद पोचावा, आणि तुझ्या नव्या गुडघ्याला वेगळा पोचावा, कारण तो अजून लहान आहे. आम्ही इकडे सगळे खाऊनपिऊन आहोत. केळी उभी आहे. पपईला भाव नाही, म्हणून घरात दोन्ही वेळा पपई आणि सगळ्यांची तोंडं पडलेली. पाव्हण्यांचा खोकला गेला का? गेला नसेल तर त्यांनी बिडी सोडली असं तू दिवाळीत सांगितलंस ते खोटं होतं. गुडघ्याला तेल लावत जा. डॉक्टर नको म्हणाला असेल तर डॉक्टर घरात नसताना लाव.

पत्र बघून तू आधी विचारशील, कोण गेलं. कोणी गेलं नाही. फोन केला नाही त्याला कारण आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुझं सुरू होतं, ‘राहू दे वं बहीण.’ लहानपणापासून तुझी हीच खोड. शिवाय माझ्या कानाला त्रास नको म्हणून सून फोनचा आवाज मोठा करून ठेवते, त्यात सगळ्या घराच्या कानांची सोय होते. तेव्हा लिहिते. माझं शिक्षण तुला माहीत आहे, चौथीपर्यंत, त्यातली चौथी कापूस वेचण्यात गेली. अक्षराला हसू नकोस. कागद नातीच्या वहीचे आहेत. भूमिकाकडे मागितले तर तिने वहीतली चार पानं काढून दिली, एका बाजूने पेन्सिलीने काहीबाही लिहिलेली. म्हणाली, मागची बाजू कोरी आहे आजी, तिथे लिही. (एरवी त्या वहीला ती बापालाही हात लावू देत नाही. मला दिली. मान आहे अजून.) पत्र माझ्या दिराचा भूपेंद्र पपईची गाडी घेऊन तळोद्याला येतो त्याच्या हाती धाडते आहे. त्याला चहा दे, पण पत्र आधी घे, कारण चहा प्यायल्यावर त्याला काही आठवत नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या शाळेत मोहिनी नावाची नवी बाई शिकवायला आली आहे. वयाने माझ्या धाकटीएवढी, पण सगळे मॅडम म्हणतात म्हणून मीही म्हणते. तिने शाळा उघडल्या उघडल्या पोरांचं एक मंडळ काढलं. दर रविवारी पोरं गटागटाने शेतात, नदीवर, बांधावर फिरणार, किडेमुंग्या बघणार, वस्तू उघडून बघणार की आत काय चालतं, आणि वहीत लिहिणार. मला आधी वाटलं, शाळेत शिकवायचं राहतं ते असं भरून काढतात. पण नदीकाठी पोरी न्यायच्या तर गावातली एक मोठी बाई बरोबर हवी, असं पालकांनी अडवून धरलं. मोठी बाई कोण, यावर सभा बसली. आमच्या सूनबाईने हात वर केला आणि माझं नाव सांगितलं. (तिला रविवारी घर मोकळं हवं होतं. मलाही माझ्या सासूला असंच कुठेतरी धाडायचं होतं, पण तेव्हा मंडळं नव्हती.)

पोरांचे गट चार. मुंगी, कोळी, खार आणि गांडूळ. आमची भूमिका गांडूळ. मी मॅडमला म्हटलं, बाई गं, आमच्या घरात पाटीलकी होती, पोरीला निदान खार तरी करा. तर कळलं की गांडूळ तिनेच मागून घेतलं, वर दुसऱ्या पोरीशी भांडून. दहा वर्षांची पोर, आणि तिला विचारलं तुझ्या हातात काय आहे, तर मूठ उघडून आधी मलाच विचारते, तुला काय वाटतं आजी?

आणि हेच तर त्या मंडळाचं सगळ्यात वाईट. तिथे उत्तर सांगायचं नाही. मॅडमने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन गोड आवाजात सांगितलं, आजी, पोरं काही विचारतील तर उत्तर सांगायचं नाही, उलट त्यांनाच विचारायचं, बघून सांगू दे. तुळशे, मी एकाहत्तर वर्षं उत्तरं सांगून जगले आहे. लोकांनी विचारली नाहीत तरी सांगितली आहेत. माझ्यासाठी तुपाचा रिकामा डबा ठेवला आणि ठरलं की उत्तर तोंडातून निघालं की पोरांनी त्यात एक खडा टाकायचा. पहिल्या रविवारी एकतीस खडे पडले. पपईचं नर झाड कुठलं, सांगितलं, खडा. वाळवी मातीत का राहते, सांगितलं, खडा. एका पोराने विचारलं आजी किती वाजले, मी वाजले ते सांगितले, तर कोळी गटाने त्याचाही टाकला. घरी येताना डबा मलाच उचलायला लावला, मधल्या बोटाला वळ उठला.

पण मी काही मागे हटणारी नाही. तिसऱ्या रविवारपर्यंत सातावर आणले. त्या दिवशी घरातली एक बंद पडलेली वस्तू आणून उघडायची होती. भूमिका माझा रेडिओ घेऊन गेली. तो बंद पडला नव्हता, मी बंद ठेवला होता, बातम्यांनी माझं पित्त उसळतं म्हणून. गांडुळांनी तो पुरता मोकळा केला, सगळे भाग पेपरावर ओळीने मांडले, प्रत्येकाचं चित्र काढलं, आणि संध्याकाळी पुन्हा जोडला. दोन स्क्रू उरले. आता त्याच्यावर फक्त गुजरातचं स्टेशन लागतं, पण आवाज पहिल्यापेक्षा स्वच्छ. मग एकदा निशिगंधाच्या पांढऱ्या दांड्या लाल शाईच्या पाण्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी फुलांच्या कडा लाल. दांडी आडवी कापली तर आत लाल ठिपके, पाणी वर जायच्या वाटा. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. मलाही तेव्हा माहीत नव्हतं की पुढे लागणार आहे.

भाद्रपदात मॅडमने पोरांना सांगितलं, घरात मोठी माणसं नेहमी सांगतात अशी एक गोष्ट आणा, जी आपण करून बघू शकू, खरी की खोटी. बाकीच्या पोरांनी काय काय आणलं ते सोड, निम्म्यांनी पालीचं आणलं होतं. आमच्या गांडुळाने माझं आणलं. माझी आजी आंब्याला दम देते, मग आंबा धरतो.

तुला सांगायला नको, तू त्यात अर्धी भागीदार होतीस. आपली आजी करायची तसंच आपण करत आलो. दसऱ्याला पुजलेली कुऱ्हाड दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊन, न धरणाऱ्या आंब्यापुढे उभं राहायचं आणि त्याला सांगायचं, ‘खत खाधं, पानी पिधं, दिधं काय तू? आते तोडीच टाकसु तुले.’ कुऱ्हाड डोक्यावर उचलायची. आणि ती खाली यायच्या आत दुसरीने मध्ये पडायचं, हात धरायचा, ‘ऱ्हाऊ दे वं बहीण, पुढला साल दी तो.’ मी दम द्यायची, तू मध्ये पडायचीस. माझ्या लग्नाआधी आपण दोघींनी माहेरची किती झाडं वठणीवर आणली, मोजदाद नाही. सासरी आल्यावर मी इथेही चालू केलं, जाऊबाई कमलबाईला मध्ये पडायला शिकवलं. ती मुलाकडे सुरतेला गेली तोपर्यंत पंचक्रोशीतून बोलावणी यायची. वत्सलाबाईच्या तोंडाला झाड घाबरतं, असं लोक म्हणतात. दुसऱ्या कुणाच्या तोंडाला म्हणत नाहीत. म्हणून पोरांनी विचारलं, आजी, तुमची परीक्षा घेऊ का, तेव्हा मी म्हटलं, घ्या. दोनदा घ्या.

पोरांनी गाव पालथं घालून यंदा न धरलेले दहा आंबे शोधले, त्यांच्यावर चुन्याने आकडे घातले आणि चिठ्ठ्या टाकल्या. पाच झाडांना मी दम द्यायचा. उरलेल्या पाचांना अवाक्षर बोलायचं नाही. मी मॅडमला म्हटलं, त्या पाचांचं काय बिघडलं, त्यांनाही देते की, घसा माझाच आहे. तर म्हणाल्या, तुम्ही नाही बोललात तर काय होतं, तेही बघायला हवं ना. आणि नशीब बघ, आठ नंबर म्हणजे आमच्याच अंगणातला आंबा, तो अबोल्यात निघाला. चार महिने मी त्याच्या बुंध्याशी तोंड धुतलं, त्याच्या सावलीत मिरची पसरली, त्याची पानं रोज दोनदा झाडली, आणि त्याला एक शब्द बोलले नाही. नवऱ्याशी सुद्धा मी इतका वेळ कधी अबोला धरला नव्हता. (नऊ दिवस. तेव्हाही तो पहिल्यांदा बोलला.)

दम द्यायच्या पाचांतला पाचवा छगनलाल शेठच्या परसातला. मारवाडी किराणावाले, आमच्या गावात त्यांची चौथी पिढी. आंबा नऊ वर्षांचा, नऊ वर्षांत मोहराचा एक तुरा नाही. घर जैनाचं, वर चौमासा चालू, पतासीबाई म्हणजे शेठाणी त्या दिवसांत हिरवी भाजीही चिरत नाहीत. म्हणून शेठनी मला आधीच विचारलं होतं, बाई, नुसतं बोलायचंच आहे ना? मी म्हटलं, शेठ, साठ वर्षांत कुऱ्हाडीची धार झाडाला लागलेली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघालो. कुऱ्हाडीला कुंकू, मागे पंचवीस पोरं, वह्या, पेन्सिली. कमलबाई नाही म्हणून मध्ये पडायचं काम पोरांनी पाळीपाळीने करायचं ठरवलं होतं. पहिली चार झाडं अशी झाली की तू बघायला हवी होतीस. पोरं धावून यायची, माझ्या हाताला लोंबायची, राहू दे आजी, पुढल्या वर्षी देईल तो. एक तर रडलासुद्धा. पाचव्याला पाळी शेठच्या नातीची, आयुषीची. घरचं झाड म्हणून तिने मागून घेतली होती. पोर मोठी गुणाची, पहिल्या नंबराची, सांगितलेलं तंतोतंत करणारी. इथेच घात झाला.

मॅडम तोवर तालुक्याला मीटिंगला होत्या. त्या आल्या नेमक्या मी कुऱ्हाड उचलताना. त्यांनी हा प्रकार जन्मात बघितला नव्हता. पोरं कुजबुजत होती, तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि हळूच सांगितलं, आता कुणीही काही बोलायचं नाही, मध्ये यायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. आयुषीचं तोंड उघडलेलं होतं ते तिने मिटलं. मॅडमने गप्प म्हटलं की ती पोर श्वासही विचारून घेते.

मी कुऱ्हाड धरून उभी. दम देऊन झाला. कोणी येईना. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा दिला, या वेळी मोठ्याने आणि नऊ वर्षांचा हिशेब घालून. कोणी येईना. मी खोकले. मागे पेन्सिलींचा आवाज आला. (नंतर वहीत बघितलं, ‘११.४० आजीने कुऱ्हाड उचलली. ११.४२ आजी खोकली.’) मी आयुषीकडे डोळे वटारले, तिने माझे डोळे वटारलेले लिहून घेतले. शेठ ओट्यावर हात जोडून बसले होते, त्यांना वाटलं विधी लांबला. पतासीबाई चहाचा ट्रे घेऊन दारात थांबल्या, मध्ये पाऊल टाकू की नको म्हणून. कुऱ्हाड जड व्हायला लागली. आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं. आपली कुऱ्हाड आपणच खाली ठेवली तर झाडाला कळतं की ही नुसती बोलते. एका झाडाला कळलं की गावातल्या सगळ्यांना कळायला किती वेळ. आणि झाडांचं सोड, पंचवीस पोरं लिहून घेत होती. साठ वर्षांत तू किंवा कमलबाई कोणीतरी नेहमी आलीच, म्हणून पुढचं मला कधी करावंच लागलं नव्हतं. पुढचं मला येतच नव्हतं.

मी घातली.

खालची जी जाड फांदी परसाच्या भिंतीकडे गेली आहे, तिच्या बुडाशी लागली. चार बोटं रुंद साल निघाली, पांढरं लाकूड दिसलं. ट्रे पडला. कप सहा होते, फुटले चार. मग आयुषीने मॅडमला विचारलं, ‘मॅडम, आता बोलू का?’

पतासीबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी हळद आणि शेण कालवून जखमेवर थापलं, स्वतःची जुनी ओढणी फाडून वर बांधली आणि आत जाऊन दार लावलं. त्या बाईने रागावून मला चार शब्द ऐकवले असते तर मी आठ ऐकवले असते आणि दोघी मोकळ्या झालो असतो. संध्याकाळी शाळेत बोलावणं. हेडमास्तर म्हणाले, पोरं आणि कुऱ्हाड एका जागी, हे मंडळ आजपासून बंद. मॅडमचा चेहरा चुन्यासारखा. पोरं खिडकीला लटकलेली, त्यात आमचं गांडूळ सगळ्यात पुढे, ओठ दाताखाली. मी कधी नाही ते खाली बघून उभी होते. तेवढ्यात पतासीबाई आल्या, डोक्यावर पदर, आणि हेडमास्तरांना म्हणाल्या, ‘रहने दो सर. अगले साल देखेंगे.’

ऐकलंस का तुळशे? वाक्य तेच. बाईला कुणी शिकवलं नव्हतं, आपसूक आलं. फक्त सकाळी यायला हवं होतं ते संध्याकाळी आलं. हेडमास्तरांनी मंडळ राहू दिलं, कुऱ्हाड मात्र माझ्याकडून लिहून घेऊन बंद केली.

मग चार महिने पोरं पाळीपाळीने दहाही झाडांची नोंद ठेवत होती. आता माघात निकाल लागला. नीट वाच. दम दिलेल्या पाचांत तीन मोहरले. ज्यांना काही बोलले नाही त्या पाचांतही तीन मोहरले. आणि त्यात आमचा आठ नंबरचा असा काही मोहरला आहे की पान दिसत नाही. मधमाशा इतक्या की मला तोंड धुवायला मागच्या दारी जावं लागतं. मेल्याला काही न बोलण्याचा इतका आनंद झाला असेल तर निदान दाखवू तरी नये.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण या पोरांना प्रश्न विचारायची सवय लागली आहे. ती घरोघर गेली आणि विचारत सुटली, तुमचा आंबा कुठल्या कुठल्या वर्षी धरला होता. मोठ्या कागदावर रकाने आखून भरले, तर दिसलं की आपल्याकडचे गावठी आंबे बहुतेक एका वर्षी धरतात आणि एका वर्षी विसावा घेतात. म्हणजे यंदा न धरलेला पुढल्या साली आपणहून धरतोच. मी मॅडमला म्हटलं, मग साठ वर्षं मी विसावा घेणाऱ्या झाडांवर ओरडत होते? त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांची पण तीच वाईट सवय.

फक्त शेठचा आंबा त्या रकान्यांत बसेना. तो नऊ वर्षांत कधी धरलाच नव्हता. यंदा धरला, पण सगळा नाही, मी घातली त्या एकाच फांदीवर, ओढणी बांधली आहे तिच्यापुढे. बाकीचं झाड कोरं. पोरांनी निशिगंधाच्या दांडीतल्या वाटा आठवल्या, सालीतही तशा वाटा असणार असं ठरवलं, आणि म्हणतात, पानांनी केलेलं जेवण खाली मुळाकडे जाताना तिथे अडलं असेल, म्हणून फांदीने ते मोहराला वापरलं. मॅडम म्हणाल्या, असेलही, शेतकी कॉलेजात विचारून घेऊ आणि पुढल्या वर्षी करून बघू. पतासीबाई रोज त्या फांदीखाली उभ्या राहून वर बघतात. परवा मी दुकानात गेले तर गूळ त्यांनी स्वतःच्या हाताने बांधून दिला. बोलल्या नाहीत, पण बांधून दिला.

आता माझं काम. येत्या रविवारी शाळेच्या ओट्यावर सगळ्या गावापुढे हा निकाल वाचणार आहेत आणि तोच तक्ता पुढे तालुक्याच्या प्रदर्शनात लागणार आहे. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत येणार, ‘वत्सलाबाईंचा दम: काही फरक नाही.’ भूमिकाने अजून शेवटची ओळ शाईने भरलेली नाही, रोज पेन्सिल घेऊन बसते आणि माझ्याकडे बघते. तेव्हा तू एक कर. एका कागदावर साक्ष लिहून दे की लहानपणी आपल्या माहेरी आपण दम दिलेला प्रत्येक आंबा धरला, एकही चुकला नाही. खाली सही कर, पाव्हण्यांची पण घे, त्यांचं अक्षर सरकारी आहे. उद्याच्या उद्या भूपेंद्रच्या हाती धाड. साठ वर्षांचं नाव आहे, पोरांच्या खडूने पुसलं जाऊ द्यायचं नाही. तेवढं झालं की मी निर्धास्त. गुडघा जप. पाव्हण्यांना नमस्कार. मोलगीच्या बाजारातून कोणी आलं तर माझ्यासाठी भगर घेऊन ठेव, इकडची कचकच लागते.

तुझी बहीण,
वत्सला

ता. क. एक लिहायचं राहिलं, म्हणजे राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं. दम दिलेल्यांतले तीन आणि चार नंबर मोहरले नाहीत, त्याचं एक कारण मला ठाऊक आहे. शेठच्या परसात ते झाल्यावर मला धाकधूक लागली. दिवाळीनंतर एका दुपारी, त्या दोन्ही घरच्या बाया मिरची तोडायला गेल्या असताना, मी घमेलं भरून युरिया नेला आणि त्या दोन झाडांच्या बुंध्याशी घालून पाणी सोडलं. म्हटलं, दमाला थोडा हातभार. तर दोघेही असे हिरवेगार झाले की लांबून वडासारखे दिसतात. पानंच पानं, मोहराचं नाव नाही. केळीत आयुष्य गेलं, नुसत्या युरियाने पानच वाढतं हे मला कळायला हवं होतं. त्यांना तसंच सोडलं असतं तर कदाचित पाचांत पाच आले असते आणि मी आज जिंकले असते. हे कुणाला सांगू नकोस. पाव्हण्यांना तर नकोच.

ता. क. दुसरा. घडी घालायला पानं उलटली आणि मागची पेन्सिल वाचली. चष्मा लावून दोनदा वाचली. तुझ्यासाठी उतरवून देते, पुसट आहे.

‘झाड क्र. ३. मधली सुट्टी. नोंद घ्यायची पाळी माझी. आजी आली. घमेल्यात पांढरे दाणे. खाली टाकले, पाणी घातलं. मग क्र. ४ कडे गेली. तिने मला बघितलं नाही. प्रश्न: आजीने असं का केलं? उत्तर सांगायचं नाही.’

आणि खाली, वेगळ्या दिवशीचं, ‘क्र. ३ आणि ४ मोजायची की नाही? मॅडमला विचारायचं नाही. आजी आपणहून सांगेपर्यंत शेवटची ओळ भरायची नाही.’

म्हणजे पोरीला तीन महिने ठाऊक आहे. गांडूळ. वहीतली सगळी पानं सोडून हीच मला का काढून दिली, ते मी तिला विचारलेलं नाही. ती मला विचारणारही नाही. आत्ता समोर बसून निशिगंधाला पाणी घालते आहे, माझ्याकडे बघत नाही असं दाखवत.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, कागद संपला. साक्ष लिहू नकोस. लिहिली असशील तर चुलीत घाल. त्याऐवजी तूच ये. शनिवारी भूपेंद्रच्या गाडीत पुढच्या सीटवर बस, गुडघ्याखाली उशी घे, मी त्याला सांगितलं आहे. रविवारी ओट्यावर गाव जमेल, पतासीबाई असतील, पोरं वह्या उघडून बसलेली असतील, आणि मी उठून युरियाचं सांगणार आहे, म्हणजे ती दोन झाडं हिशेबातून काढतील आणि पोरीची ओळ भरली जाईल, मग जी काय भरायची ती भरो. तू माझ्या बाजूला बस. मी उठले की सवयीने तुझा हात माझ्या हातावर येईल आणि तोंडातून निघेल, राहू दे वं बहीण. तेवढं काढायचं नाही. या खेपेला कुऱ्हाड खाली येऊ दे. डबा मी बरोबर आणणार आहे, तू तोंड उघडलंस तर पहिला खडा तुझ्या नावाचा.